रांगेतली पिशवी

आमचे हे, दिगंबर खांबेटे, एस्प्लनेडच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. पण नाव कमावलं ते रांगेत. भवानीपूरला रेशनच्या दुकानापुढे सकाळी पिशवी ठेवून यायचं, मग निवांत चहा, दाढी, पेपर. दुकान उघडलं की पिशवीमागे जाऊन उभं राहायचं. कलकत्त्यात रांगेतल्या पिशवीला माणसाइतकाच मान, कोणी चकार शब्द काढत नाही. त्यामुळे यांना आपण फार हुशार आहोत असं वाटतं, आणि मीही ते वाटू दिलं.

त्र्याहत्तर साली माझ्या बहिणीने, लीनाने, आम्हाला लंडनला बोलावलं. परतताना पॅरिसला एकच दिवस. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. तिथल्या मोठ्या संग्रहालयात खिडकीशी भाजी निवडत बसलेल्या बाईचं एक चित्र आहे. त्याची पोस्टकार्डाएवढी प्रत दाखवत मी वीस वर्षं काढली. मूळ चित्र एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच माझी हौस.

दारापुढे ही भली मोठी रांग, वर ऊन. मी म्हटलं, "अहो, उभे राहूया." हे म्हणाले, "अगं, रांगेचं तू मला शिकवू नकोस." रांगेच्या शेपटाला पिशवी ठेवली आणि मला सावलीत नेलं. माझ्या पर्समधला चिवडा खाल्ला आणि दोघांनाही डुलकी लागली. जाग आली तेव्हा रांग कुठल्या कुठे पुढे गेली होती. पिशवी मात्र होती तिथेच, आणि एक पहारेकरी ती उचलून आत नेत होता. आमचे पासपोर्ट त्यातच. कपाळ माझं.

पहारेकऱ्यांच्या खोलीत पिशवी टेबलावर रिकामी झाली. पासपोर्ट, दोन माकडटोप्या आणि मेतकुटाची पुडी. ती पिवळी पूड बघून तिघेजण वाकले. घाबरले की यांची मराठी आणि इंग्रजी दोन्ही पळतात, हे सरळ बंगालीत बोलायला लागले. शेवटी चिमूटभर मेतकूट तोंडात टाकून दाखवलं, तर असा ठसका लागला की विषच खाल्लं समजून तिथे धावाधाव झाली.

मग इंग्रजी जाणणारी एक वयस्क अधिकारी बाई आली. तोवर संग्रहालय बंद व्हायची घंटा झाली होती. मी तिला सगळं खरं सांगितलं. माझा इतका संताप झाला होता की यांच्याकडे बघवत नव्हतं. माझी एवढी एक हौस, ती या माणसाने मातीत घातली.

बाई हसली नाही. तिने किल्ल्या उचलल्या आणि म्हणाली, "पाच मिनिटं."

माणसांचा लोंढा बाहेर येत होता आणि आम्ही तिच्यामागून आत. दालनात कोणी नाही. समोर माझी बाई, भाजी निवडत बसलेली. आणि मला जे रडू फुटलं ते आवरेचना. चित्र राहिलं बाजूला, डोळ्यांपुढे नुसतं पाणी.

हे घड्याळात बघत हळूच म्हणाले, "अगं, रडायला पुढे जन्म पडलाय. दोनच मिनिटं राहिलीत, बघून घे."

लग्नानंतर पहिल्यांदाच मला यांचं म्हणणं पटलं. पदराने डोळे पुसले आणि बघून घेतलं.