नऊ ढेपांचा माणूस

आमच्या घरात वजनावरून दोनदा भांडण झालं. पहिल्यांदा ते कमी होतं म्हणून, दुसऱ्यांदा जास्त होतं म्हणून. दोन्ही वेळा चूक माझ्या वडिलांची होती, असं मी बरेच दिवस धरून चालले होते.

पहिलं भांडण बहात्तरच्या दुष्काळातलं. मी तेव्हा सहा वर्षांची होते. अहमदपूरच्या बाजूला रस्त्याचं काम निघालं होतं आणि आई-बाबा तिथं खडी फोडायला जात. बाबा मॅट्रिक पास होते, पण हे हातोड्याला ठाऊक नव्हतं. कामावर सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक पिठाचं कोरडं खाणं, मिळायची. एके दिवशी नर्सबाई आल्या, बाभळीला काटा टांगला, त्याला झोळी बांधली आणि पोरं तोलायला लागल्या. हलक्या भरलेल्या पोरांना सुकडीचं जास्तीचं पुडकं मिळणार, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. बाबांना वाटलं, चारचौघांत आपली पोर काडीसारखी निघाली तर इज्जत जाईल. त्यांनी गुपचूप माझ्या झग्याच्या दोन्ही खिशांत खडी भरली. मी झोकात भरले. बाई म्हणाल्या, हिची तब्येत उत्तम आहे. शेजारच्या पोरींना पुडकी मिळाली, मला शाबासकी मिळाली. आईनं ती सुकडी पुढे कधीच विसरू दिली नाही. भाजीत मीठ जास्त झालंय असं बाबांनी म्हटलं की ती म्हणायची, सुकडी घालवणाऱ्यानं चवीचं बोलू नये.

दहा वर्षांनी उस्मानाबादपासून तुटून लातूर वेगळा जिल्हा झाला. तोवर बाबा कारकून झाले होते, त्यांची बदली नव्या कचेरीत झाली. जिल्ह्याला नवं कपाट, नवी खुर्ची आणि नवा चहावाला मिळाला. खेड्यातून काम घेऊन आलेला माणूस आधी चहा मागवायचा. साहेबानं चहा नाकारला म्हणजे काम होणार नाही, अशी सगळ्यांची खात्री होती. त्यामुळे बाबा लोकांचं मन राखायला दिवसाला दहा-बारा चहा पीत, आणि तेही गोडमिट्ट. कुणी घरचे लाडू आणी, कुणी शेंगांचा कूट. उरलेलं काम घरी आई करायची. दुष्काळाचा सूड तिनं ताटात उगवला. भाजीवर बोटभर तेलाचा तवंग दिसल्याशिवाय तिला वाढावंसंच वाटत नसे.

चार-पाच वर्षांत बाबा भरले. शर्टाची बटणं ताणली गेली, जिना चढताना दम लागू लागला. गावाकडची माणसं त्यांना बघून खूश होत. आपला माणूस जिल्ह्याला गेला आणि अंगानं सुधारला, हा त्यांना स्वतःचाच मोठेपणा वाटायचा. मग एकदा चक्कर आली, डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि साखर निघाली. वजन ब्याण्णव किलो. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, नाहीतर पायांची आणि डोळ्यांची खात्री मी देत नाही. कागदावर त्यांनी लिहून दिलं, तेल कमी, गोड बंद, रोज सकाळी फिरणे. आईनं कागद ऐकला आणि म्हणाली, दुष्काळात काय कमी फिरलो? गल्लीतही बाबा दोन दिवस फिरले तर लोक थांबवून विचारायचे, एसटी चुकली का?

मी तेव्हा नुकती नर्सबाई झाले होते, उदगीरच्या पलीकडच्या एका खेड्यात. दिवसभर आयांना सांगायचे, बाळाच्या घासात चमचाभर तेल घाला. रविवारी लातूरला येऊन बाबांच्या ताटातलं तेल काढायचे. दोन्हीकडं माझं सारखंच ऐकलं जायचं, म्हणजे अजिबात नाही. लठ्ठपणा हा रोग आहे, हे आम्हाला शिकवलं होतं. पण फासळ्या झाकल्या म्हणजेच तब्येत, असं ज्या गावाला दुष्काळानं शिकवलंय त्याला ते कसं सांगायचं, याचा धडा पुस्तकात नव्हता.

त्यातच गावानं बाबांची गूळतुला ठरवली. जिल्हा वाटला गेला तेव्हा फायलीही वाटल्या गेल्या आणि आमच्या गावच्या बोअरची फाईल उस्मानाबादेतच राहून गेली होती. बाबांनी चार हेलपाटे घालून ती आणली. बोअरला पाणी लागलं. गाव म्हणालं, साहेबांना गुळानं तोलायचं आणि तो गूळ घरोघर वाटायचा. चार माणसं लातूरला येऊन सांगून गेली, तोवर तब्येत सांभाळा, दहा-दहा किलोच्या नऊ ढेपांच्या खाली आमची शोभा नाही.

मी बाबांना म्हटलं, गूळतुला नको, पोरांना वह्या वाटा. आणि बसायचंच असेल तर आधी दहा किलो उतरवा.

ते पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाले, "माय, तो काटा आडतीचा हाय. माझ्या बापाला त्याला हात लावता येत नव्हता. आडतवाले त्याची ज्वारी लांबूनच वरून ओतून घ्यायचे. त्या पारड्यात मी हलका कसा बसू?"

मी भांडले. म्हटलं, पाय कापायची वेळ आली की गाव येणार नाही, मीच येणार आहे. त्यानंतर दोन महिने मी घरी गेलेच नाही.

तुलेच्या दिवशी मात्र थेट गावात गेले. बाबा भर उन्हाळ्यात लग्नातला कोट घालून आले होते. घाम गळत होता, पण कोट काढायला तयार नव्हते. साहेबीचा माज म्हणतात तो हाच, असं मला वाटलं. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया पुढे येऊन बसल्या होत्या. बाबा पारड्यात मांडी घालून बसले. समोर ढेपा चढू लागल्या. आठ झाल्या तरी बाबा खालीच. नववी ठेवली तेव्हा काटा सरळ झाला आणि गावानं टाळ्यांचा कडकडाट केला. मी मनात बेरीज केली, ब्याण्णवच्या आसपासच. दोन महिन्यांत एक छटाक उतरला नव्हता. एका म्हातारीनं गुळाचा खडा बाबांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तो हातात घेतला आणि कपाळाला लावला, एवढंच पाहून मी उठले. जेवलेही नाही. मला त्यांचा राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

संध्याकाळी आई-बाबांबरोबर मीही लातूरला परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई पाणी भरायला गेली होती. कोट दांडीवर टाकायला म्हणून मी उचलला, तर तो हातातून सुटला आणि फरशीवर दगड पडल्यासारखा आवाज झाला. दगडच होते. बाहेरच्या खिशांत खडी, आतल्या खिशांत खडी, आणि अस्तरात घरीच शिवलेल्या दोन पिशव्यांत आणखी खडी. एका खिशात रुमालात बांधलेला गुळाचा खडा होता, तसाच. मी माझ्या पिशवीतला पोरं तोलायचा काटा खिडकीला अडकवला आणि सगळी खडी झोळीत घातली. काटा आठ किलोवर थांबला.

बाबा दारात उभे होते. नुसत्या बनियनवर. गळ्याची हाडं दिसत होती, पोट उतरलं होतं, आणि मी दोन महिन्यांत त्यांच्याकडं एकदाही नीट पाहिलं नव्हतं. मग हळूहळू कळलं की ते पहाटे उठून बसस्टँडपर्यंत दोन फेऱ्या घालत, कुणी विचारलं तर एसटी चुकली म्हणून सांगत. चहा रोज तेवढाच मागवला जायचा, फक्त तो शिपाई प्यायचा. शिपायाचे शर्ट आता तटतटायला लागले होते. कचेरीतलं वजन काही कमी झालं नव्हतं, त्याची बदली झाली होती.

मला रडू आलं. एवढी मोठी नर्सबाई, झोळीतली खडी धरून रडत बसले.

बाबा जवळ आले, झोळीतला एक दगड काढून त्यांनी हातात फिरवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आईला सांगू नको. ती अजून त्या सुकडीचंच काढायली."