केरबाबांची चाती

सिल्लोडकडचे केरबाबा स्वतःचं नावसुद्धा विसरले होते. दिवसभर दवाखान्याच्या ब्लँकेटची लोकर उपसत बसायचे, म्हणून वॉर्डातल्यांनी त्यांचे हात पलंगाला बांधून टाकले. मुलगा वाळूजच्या नव्या कारखान्यात. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात शहर बंद, त्यामुळं तो यायचा कसा? मग बाबांबद्दल विचारायचं कुणाला?

मनकर्णा शिंगाडे या नर्सला विचारायची गरजच पडली नाही; लोकर ओढणारी ती बोटं मेंढपाळाची आहेत, हे तिनं बघताच ओळखलं. तिचे वडीलही मेंढरांमागं चालता चालता सूत कातायचे.

"साहेब, बाबांना वेड लागलेलं नाय. तुम्ही त्यांच्या हातचं काम काढून घेतलंय," तिनं मोठ्या डॉक्टरांना तोंडावर सांगितलं आणि पट्ट्या सोडल्या. क्वार्टरमधून वडिलांची सूत कातायची चाती अन् मूठभर लोकर आणून बाबांच्या हातात दिली. चाती गरगर फिरू लागली. बाबा शांत झाले.

पुढं मनकर्णानं स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर प्रबंध लिहिला, वीस वर्षं नर्सिंगच्या पोरी शिकवल्या. दर वर्षी पहिल्या तासाला बाबांच्या सुताचा गुंडा टेबलावर ठेवून ती बजावायची, "पेशंटचं नाव नंतर विचारा, आधी त्याचं काम विचारा. अन् उद्या मी विसरायला लागले, तर माझे हात बांधू नका. खडू द्या."