जिजींनी बसवलेला देव

सकाळी दाराची कडी वाजली की ओळखायचं, जिजी बादली घेऊन आल्या. "तांदूळ धुतल्यालं पानी मोरीत वतलं न्हाई ना, पोरी?" हाच त्यांचा नमस्कार. ओतलं म्हटलं तर रागवायच्या नाहीत, नुसत्या मोरीकडे बघत उभ्या राहायच्या. ते बघणं सहन होईना म्हणून आमची अख्खी गल्ली डाळ-तांदळाचं पाणी राखून ठेवायला शिकली.

जिजी मूळच्या जामखेडकडच्या. नवरा एसटीत मेकॅनिक, म्हणून नगरला आलेल्या. तो गेल्यावर त्यांनी कॉलनीमागची ओढ्याकाठची मोकळी पट्टी एकटीनेच साफ करायला घेतली. आम्ही चार दिवस गॅलरीतून बघितलं, मग लाज वाटली आणि रविवारी कुदळी घेऊन खाली उतरलो. लिंब, करंज, बहावा लावले. मुरमाची पायवाट झाली. नळाला दिवसाआड पाणी, तरी घरोघरी बादलीत जमवलेल्या त्या पाण्यावर जिजींनी एकही रोप वाळू दिलं नाही. "झाडाला तान लागली तर ते बोंबलत न्हाई, म्हनून आपनच जायाचं," असं म्हणायच्या. माझ्या सासूबाई गुडघ्याच्या दुखण्यानंतर पहिल्यांदा चालल्या त्या याच पायवाटेवर.

एकाच कोपऱ्याने छळलं. बांधकामांचा राडारोडा, उष्टं-खरकटं, सगळं लोक तिथे आणून टाकायचे. पाट्या लावल्या, महापालिकेत खेटे घातले, उपयोग शून्य. मग एका सकाळी त्या कोपऱ्यात शेंदूर लावलेला एक दगड दिसला, समोर झेंडूची दोन फुलं. जिजी हात धूत म्हणाल्या, "आता बघ, देवाम्होरं कोन टाकतंय ते." खरोखर त्या दिवसापासून तिथला कचरा थांबला. आम्ही त्यांच्या डोक्याचं कौतुक करत हसलो.

पुढच्याच महिन्यात तिथे कोणीतरी नारळ फोडला. मग पत्र्याचं छप्पर आलं, मग स्लॅब, फरशी, सभामंडप आणि मंडळ. विटा वाहणारे हात आमच्याच श्रमदानातले होते, हे मला आजही डाचतं. करंजाची पानं फरशीवर पडतात म्हणून करंज गेले. गाड्या लावायला बहावे गेले. पायवाटेवर सिमेंटचे ब्लॉक बसले.

जिजी मंडळाच्या अध्यक्षांकडे गेल्या तेव्हा मी सोबत होते. "आरं बाबा, त्यो दगूड मी वढ्यातनं उचलून आनलाय. शेंदूर किराना दुकानातला हाय. देव न्हाई त्यो," त्या कळवळून सांगत होत्या. अध्यक्षांनी भक्तिभावाने हात जोडले. "जिजी, एवढ्या ओढ्यात तुम्हाला तोच दगड का सापडला? देवानंच तुमच्या हातून करून घेतलं." पुढे कलशारोहणाला त्यांना शाल-नारळ दिला, संगमरवरी पाटीवर 'संस्थापिका' म्हणून नाव कोरलं. त्या दिवसापासून जिजींनी पाणी मागणं बंद केलं. सवयीने मी तांदळाचं पाणी ठेवायची आणि संध्याकाळी ओतून द्यायची. त्या नुसत्या ओट्यावर बसून असायच्या. एकदाच म्हणाल्या, "कचरा बरा हुता गं. त्यो उचलता तरी येत हुता."

यंदा चैत्रात जिजी गेल्या. अस्थी प्रवरासंगमाला सोडल्या, पण राख मात्र लिंबाखाली टाका असं त्यांनी मुलाला बजावून ठेवलं होतं. पार बांधायच्या निमित्ताने तेवढा एक लिंब वाचला होता. मुलगा पिशवी घेऊन आला तर अध्यक्ष फाटकातच आडवे आले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. म्हणाले, "जिजी आमच्या आईच्या जागी. पण देवाच्या आवारात राख चालत नाही."

मी भांडले. मला रडूही आलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. शेवटी मुलगा भिंतीला वळसा घालून मागे गेला आणि त्याने पिशवी ओढ्यात मोकळी केली. ओढ्याला पाणी नव्हतं. राख खालच्या कचऱ्यावर पडली आणि तिथेच राहिली.