सीझनमध्ये परीक्षा

अण्णांनी माझ्या तोंडात कागद कोंबला तेव्हा पॅकिंगच्या शेडमध्ये सगळ्यांची जेवणं चालली होती. कोणाचा हात डब्यात, कोणाचा तोंडाकडे. सगळे हात होते तिथे थांबले.

एका हाताने त्यांनी माझी वेणी मनगटाला गुंडाळली होती. दुसऱ्या हाताने कागद आत ढकलत होते. म्हणत होते, "शिकायचंय ना तुला? खा. पोटभर शीक."

कागद टाळूला चिकटला. श्वास कोंडला. मी दात मिटले आणि मध्ये त्यांचं बोट आलं. मग त्यांनी बोट ओढून घेतलं आणि उघड्या पंजाने माझ्या डाव्या कानावर मारलं. आत काहीतरी फाटलं. मी पेट्यांच्या उतरंडीवर जाऊन पडले. दोन पेट्या खाली आल्या, हापूस जमिनीवर घरंगळला.

अण्णा नेपाळी राखणदाराला म्हणाले, "आंब्यांना लागलं काय बघ."

त्याने आंबे बघितले. एकेक उचलून, पुसून. माझ्या कानातून रक्त मानेवर उतरत होतं. ते कोणी पुसलं नाही.

मी बौद्धवाडीतली. आमचं गाव हातखंब्याच्या अलीकडे, सड्याच्या उतारावर. वरचा सगळा कातळ अण्णांचा. सुरुंग लावून, खड्डे खणून, माती भरून त्यांच्या वडिलांनी तिथे कलमं लावली. म्हणजे लावायला सांगितली. खड्डे माझ्या आजोबांनी खणले. खोती कायद्याने कधीच गेली, पण अण्णांना गावात अजून खोतच म्हणतात. कायदा तोंडापर्यंत पोचला नाही.

माझी आई त्या बागेत कामाला होती. गेल्या थंडीत फवारणीचा पाईप खांद्यावरून नेताना कातळावर पाय सरकला आणि मांडीचं हाड मोडलं. अण्णांनी पिकअपमधून सिव्हिलला नेलं. त्यानंतर गावात भेटेल त्याला ते हे सांगत राहिले. आईच्या पायात सळी घातली. मी तिच्याजवळ वॉर्डात राहिले. बापूस मुंबईला वॉचमन, त्याला रजा मिळाली नाही.

एका दुपारी अण्णा भेटीची वेळ नसताना वॉर्डात शिरले. तिथली सिस्टर एका म्हातारीचं सलाईन बदलत होती. मान वर न करता म्हणाली, "बाहेर थांबा. वेळ झाली की या." आवाज चढवला नाही. अण्णा बाहेर गेले. जाऊन बाकड्यावर बसले. अण्णांना कोणी बाहेर पाठवू शकतं हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. मला काय व्हायचं ते तिथे ठरलं.

बारावीचे पेपर संपले की थोड्याच आठवड्यांत नर्सिंगची सीईटी. नेमका तोच आंब्याचा सीझन. आई उभी राहू शकत नव्हती, तेव्हा तिच्या जागी मी. शेवटचा पेपर दिला आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेले. क्लासचा प्रश्नच नव्हता. अण्णांचा मुलगा मात्र रत्नागिरीत क्लासला जायचा, डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी. आम्ही चौथीपर्यंत एका बाकावर होतो. आता मी त्याला दादा म्हणायचं आणि त्याने मला "ए" म्हणायचं.

त्याचे सोडवून झालेले सराव पेपर रद्दीत यायचे. रद्दी शेडमध्ये यायची, पेटीच्या तळाला घालायला. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. मलाही तेच विषय होते. मी ती पानं बाजूला काढायची आणि पेटीत वर्तमानपत्र घालायची. जेवणाच्या सुट्टीत वाचायची. हात कामात असले की मनात पाठांतर. आढीत पेंढ्यावर आंबा ठेवायचा, मनात हाडाचं एक नाव. पुढचा आंबा, पुढचं नाव. वेळ कमी होता, म्हणून मी वेळ कामातूनच काढत होते.

त्या दुपारी मी सुट्टी मागितली.

"अण्णा, परीक्षेच्या दिवशी मला यायला जमणार नाही."

"कसली परीक्षा?"

"नर्सिंगची."

"सीझनमध्ये?" ते हसले. सगळ्यांकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? ही नर्स होणार. अगो, आमच्या आईचे पाय चेपायला ये. तिथेच शीक."

शेड हसली. माझी चुलती शेजारीच बसली होती, तीही हसली. मी हसले नाही. मी म्हणाले, "मी जाणारच आहे."

नुसतं "जाणार आहे" म्हटलं असतं तर बहुतेक शिवीवर भागलं असतं. त्या एका "च"ने त्यांचा चेहरा बदलला. मग त्यांना माझ्या डब्याशेजारची पानं दिसली. "चोरी करतेस? माझ्या घरातलं?" रद्दी, फेकलेली. पण त्यांची रद्दी. ते जातीवरून जे बोलले ते मी तक्रारीत शब्दाला शब्द दिलं आहे. इथे परत लिहून त्याला मान देणार नाही. मग त्यातलंच एक पान त्यांनी माझ्या तोंडात कोंबलं.

ते निघून गेल्यावर चुलतीने पाण्याचा तांब्या पुढे केला. "कशाला तोंडाला तोंड लावलंस गो?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा निरोप आला. आईला घेऊन ये. माझा कान रात्रभर ठणकत होता. डाव्या बाजूने आई काय बोलते ते कळत नव्हतं. ती उजवीकडे आली आणि म्हणाली, "माफी माग. सीझन जाऊ दे, मग बघू." बापूस फोनवर म्हणाला, "मिटवून टाक पोरी. आपल्याला तिथेच राहायचंय."

आम्ही गेलो. आई कुबडीवर. खोतांच्या खळ्यात उभ्या राहिलो. त्यांच्या पायरीच्या वर आम्ही कधी गेलो नाही. अण्णा ओटीवर झोपाळ्यावर बसले होते.

आई म्हणाली, "चुकलं पोरीचं अण्णा. पदरात घ्या."

"तिला बोलू दे. जमिनीला नाक घासू दे."

माझे गुडघे वाकत नव्हते. मी ठरवलं नव्हतं. ते वाकलेच नाहीत.

"ती लहान आहे. मी घासते," आई म्हणाली. तिने कुबडी माझ्याकडे दिली. एक हात जमिनीवर टेकला. सळी घातलेला पाय वाकेना. तो बाजूला पसरून ती तशीच खाली जाऊ लागली. तोंडातून कण्हणं बाहेर पडत होतं. कोणी म्हणेल, राहू दे बाई. कोणीही म्हणेल. पायाच्या अंगठ्याने झोपाळ्याला झोका देत अण्णा वाट बघत राहिला.

इथून पुढे मी त्याला "तो" म्हणणार आहे.

मी आईच्या काखेत हात घातला. "आये, ऊठ. घरी चल."

"मी सांगितलं काय, उठायला?" तो झोपाळ्यावरून उतरला. कुत्री हाकायला ओटीवर चिव्याची काठी ठेवलेली असते. ती घेऊन आला. पहिला फटका माझ्या पाठीवर बसला. दुसरा माझ्यासाठीच होता, पण मी आईला उचलत होते. तो तिच्या खांद्यावर बसला. ती परत खाली गेली.

माझ्या हातात कुबडी होती. मी ती फिरवली. त्याच्या कोपरावर बसली. हाडाचा आवाज मला उजव्या कानाने ऐकू आला. त्याची काठी गळून पडली. तो पायरीवर बसला आणि माझ्याकडे असा बघत राहिला, जणू कुबडीच बोलली. आतून त्याची बायको ओरडत आली. मुलगा दारात उभा होता, हातात मोबाईल धरून.

मी परत कुबडी उगारली. मारली नाही. त्याच्या चेहऱ्यासमोर धरली आणि म्हणाले, "परत हात लावलास तर दुसरा हातही मोडीन."

मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

आईला घरी बसवून मी तशीच हातखंब्याला गेले, तिथून सिव्हिलला. डॉक्टरांनी सांगितलं, कानाचा पडदा फाटलाय. कागद घेऊन पोलिसांत गेले. हवालदार समजावणीच्या सुरात म्हणाला, "परीक्षा आहे ना तुझी? मग अभ्यास कर. कशाला यात पडतेस?" मी बाकड्यावर बसले. म्हटलं, लिहून घेतल्याशिवाय उठणार नाही. मी त्याला मारलं तेही लिहा म्हटलं. संध्याकाळी लिहून घेतलं.

तोपर्यंत मुलाचा व्हिडिओ गावभर फिरला होता. त्यात कागद नाही, माझा कान नाही, खाली पडलेली आई नाही. व्हिडिओ माझ्या कुबडीपासून सुरू होतो. त्याच्यावरून माझ्यावरही केस झाली.

राहिलेल्या दिवसांत मी अभ्यास केला. घरात सारखं कोणीतरी समजवायला यायचं, म्हणून विहाराच्या पडवीत बसायची. बारावीची पुस्तकं होती. कानात सतत रातकिडा ओरडायचा. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची. अण्णाने वाडीतल्या सगळ्या बायांचं काम बंद केलं, ऐन सीझनमध्ये. चुलती पडवीसमोर येऊन म्हणाली, "तुझ्या परीक्षेपायी आमच्या चुली विझल्या." तिचं खोटं नव्हतं. पण चुली विझवल्या कोणी, हे ती बोलली नाही. पोलिसांना तिने सांगितलं, मी काही बघितलं नाही. नेपाळी राखणदार सीझन संपायच्या आत गावी निघून गेला.

परीक्षेला रत्नागिरीत गेले. दारावर कानातला कापूस काढून तपासला. आत कॉम्प्युटर. माऊस मी शाळेत कधीतरी धरला होता. बाण एकीकडे जायचा, माझा हात दुसरीकडे. सूचना अर्ध्या ऐकू आल्या. हाडांचे प्रश्न आले, ते सगळे सुटले. फिजिक्सला वेळ पुरला नाही. स्क्रीन आपोआप बंद झाली.

सरकारी कॉलेजात माझा नंबर लागला नाही. त्याच्या मुलालाही मार्क कमीच होते. त्याला बापाने दुसऱ्या राज्यात पैसे भरून घातला. तो डॉक्टर होईल. कमी मार्क दोघांना पडले, नापास मी एकटी झाले.

पावसाळ्यानंतर तालुक्याचा एक पुढारी घरी आला. म्हणाला, दोन्ही बाजूंच्या केसी मिटवून टाकू. अण्णा मोठ्या मनाचे आहेत, पोरीला खासगी नर्सिंग कॉलेजात घालायलाही तयार आहेत. नाहीतर केस असताना पोरीला नोकरी कोण देणार?

मी आईकडे बघितलं. तिने हो म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. आई म्हणाली, "त्याने मारलंन. मी बघितलंय. कोर्टात सांगणार." जन्मभर तिने त्याला अहो-जाहो केलं होतं. पुढारी चहा न पिता उठला.

सध्या मी हायवेवरच्या एका हॉटेलात भांडी घासते. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की मागच्या बाजूला फिजिक्स करते. गल्ल्यावरच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर माऊस धरायला शिकले. डाव्या कानाने अजून नीट ऐकू येत नाही. केस सुरू आहे, तारखा पडतात. दर तारखेला तो मोटारीतून येतो आणि आम्ही एसटीने जातो.

लोक सांगतात, दोन्ही जमणार नाही, एक काहीतरी सोड. केस सोडली तर परीक्षा सोपी होईल. परीक्षा सोडली तर केसला वेळ मिळेल.

मी दोन्हींतलं काहीही सोडणार नाही. तारखेच्या दिवशी कोर्टात उभी राहीन आणि त्याने काय केलं ते त्याच्या तोंडावर सांगेन. मी काय केलं तेही सांगेन. त्याची शिक्षा झाली तर भोगेन. परीक्षेच्या दिवशी परीक्षेला बसेन. यंदा नाही जमलं तर परत बसेन. सीझन त्याचा आहे, त्याने बघावा.