‘शक्यतो’ या शब्दाची शिसारी

माझे धाकटे दीर इंजिनिअर. इमारतींत हवा खेळती ठेवणं हा त्यांचा धंदा, म्हणून घरात त्यांचं नाव पंखेवाले. इस्पितळात क्षयाच्या रोग्यांची थुंकी तपासतात ती खोली त्यांनीच उभी केली. तिथली हवा आतच ओढली जावी, गाळून छपरावरून सुटावी, बोळात येऊ नये. बोळातल्या खिडकीवर नमुने घ्यायला बसते ती त्यांची बायको, माझी जाऊ.

एकदा तिचा डबा द्यायला गेले, तर खोलीचं दार सताड उघडं. खाली हातमोज्यांचा ओला, मळका खोका ठासलेला. समोरच्या बाकावर माणसं जेवत होती. मी डबा पदराखाली झाकला. भावजींना सांगितलं, तशी दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या देवापुढची उदबत्ती नेऊन त्या दारात धरली. दार उघडं राहिलं की आतला ओढा मोडतो; धूर सरळ जावेच्या तोंडावर.

मोठ्या डॉक्टरांनी हसत नियमावर बोट ठेवलं. दार शक्यतो बंद ठेवावे.

भावजी घरी येऊन कितीतरी वेळ चुळाच भरत राहिले. म्हणाले, "वहिनी, यंत्र मी बसवलं आणि भोक पाडलं त्या एका शब्दानं."

नोकरी सोडून ते असले नियम लिहिणाऱ्या सरकारी कचेरीत लागले. सासूबाई म्हणाल्या, इंजिनिअरचा कारकून झाला. तिथले साहेब चहात बिस्किटं बुडवत त्या एका ‘शक्यतो’चा कीस पाडत. तो काढला तर उद्या कुणाला तरी जाब द्यावा लागेल, खरी भीती ती. भावजींच्या तगाद्याला कंटाळून एकदाचा साहेबांनी तो काढला. मी देवापुढे साखर ठेवली.

नवा नियम दारावर लागला म्हणून मी आणि भावजी बघायला गेलो. खोका नव्हता. चप्पल होती.

जाऊ म्हणाली, "हातात नमुन्यांचा ट्रे धरा आणि ओढा बघू दार."

दार उघडेना. आतला हवेचा ओढा भावजींनीच इतका जबरदस्त ठेवला होता.

"आधी का नाही बोललीस?" भावजींनी विचारलं.

"विचारलंत कधी? तुम्ही शब्द खोडत होतात."

भावजींनी आतला ओढा बेताचा करून दिला आणि पुढच्या बैठकीत नवी ओळ मांडली, की असलं दार एका हाताने उघडलं पाहिजे. साहेब बिस्किट चघळत म्हणाले, "शक्यतो एका हाताने, असं घाला."

भावजींनी पिशवीतून ती चप्पल काढली आणि बिस्किटांच्या बशीत ठेवली. कुठून आणली तेही सांगितलं.

ओळ होती तशी मंजूर झाली. बशी मात्र कुणी उचलेना.