डावीकडे न वळणारी गाडी

गोपीचंदभाऊंची गाडी डावीकडे वळत नव्हती. म्हणून आंधळगावहून भंडाऱ्याला येताना जिथे जिथे डावीकडे वळायचं होतं, तिथे तिथे ते सरळ पुढे गेले, उजवीकडून फेरा मारला आणि परत येऊन रस्ता पकडला. आमच्या दुकानात शिरायचं वळण मात्र डावीकडेच आहे. ते त्यांना चुकवता आलं नाही. चाकावरच्या कमानीतून असा आवाज आला की शेजारच्या टपरीवरची माणसं चहाचे कप घेऊन उभी राहिली.

"वहिनी, काहीतरी घासून राह्यलं जी," ते उतरून म्हणाले.

मी ऐकलं होतं. टपरीनेही ऐकलं होतं.

आमचं दुकान टायर आणि व्हील अलाइनमेंटचं. ते अशोकचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. मी कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर दुपारी दुकानात बसून वाचत असे. गिऱ्हाइकांशी बोलणं हे त्याचं काम. मागच्या पावसाळ्यात तो गेला. टायरवरचे आकडे मला येत होते. पुस्तक संपलं की दुकानात वाचायला तेवढंच उरायचं. बोलणं मात्र जमत नव्हतं. पहिले काही महिने मी गिऱ्हाइकाला आकडा सांगून गप्प बसायची आणि गिऱ्हाईक अशोकच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून निघून जायचं.

आमचे जुने फिटर शेषराव यांनी जॅक लावला आणि चाक हाताने डावीकडे वळवलं. टायरचा खांदा आतल्या प्लास्टिकला टेकला. तिथलं प्लास्टिक किसल्यासारखं झालं होतं.

"हे कुठून आणले?" मी विचारलं.

"नागपूरवरून. सेकंड हँड आहेत, पण स्पोर्टचे. एका मोठ्या गाडीचे होते. तुमाले इचारलं असतं तं तुम्ही नाहीच म्हटलं असतं."

हे खरं होतं.

टायरच्या अंगावर तीन आकडे असतात. यांच्या गाडीला कंपनीने दिलेला टायर १८५/६५ आर १५. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा उंची, पण ती रुंदीच्या टक्केवारीत. शेवटचा, आत जी लोखंडी रिम असते तिचा व्यास, इंचात. गोपीचंदभाऊंनी आणलेला होता २२५/६० आर १५.

"पंधराची रिम, पंधराचा टायर," ते म्हणाले. "चढला ना बरोब्बर?"

"चढला. बसला नाही."

रिमला व्यास असतो तशी रुंदीही असते, आणि ती कोणी विचारत नाही. यांची रिम साडेपाच इंच रुंद. तिच्यावर २२५चा टायर म्हणजे लहान पायात मोठा बूट घालून लेस करकचून आवळलेली. टायर बाजूंनी फुगतो, मधलाच भाग रस्त्याला नीट टेकतो, आणि वळणावर गाडी डुलते. शिवाय चाक जवळजवळ तीन सेंटिमीटर उंच झालेलं. कमानीत तेवढी जागा नाही.

हे मी त्यांना सांगितलं. माझ्या मानाने ते भाषण होतं.

"मंग कमान कापू," ते म्हणाले.

शेषरावांनी जॅक खाली घेतला आणि तोंड फिरवून हसले.

खरी गोष्ट हळूहळू बाहेर आली. रविवारी आंधळगावात शंकरपट होता. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. धान घरात आलं की आमच्याकडे गावोगावी पट भरतात. पाहुणे येतात आणि बैल बघता बघता सोयरिकीही जुळतात. गोपीचंदभाऊंची मुलगी रूपाली भंडाऱ्याला दवाखान्यात नर्स. तिच्यासाठी आंबागडचं स्थळ आलं होतं. मुलाचे वडील पटाला येऊन शेवटचं हो की नाही सांगणार होते. पण ते आधी एकदा बैल पाहायला आले होते आणि जाता जाता चारचौघांत म्हणाले होते, "गोपीचंदभाऊ, जोडी पाह्यण्यासारखी आहे. पण गाडीले सायकलचे टायर काहून लावले?"

"तवापासून जेवण गोड लागत नाही," गोपीचंदभाऊ म्हणाले. "रविवारी त्याईची गाडी पोरगा नेणार आहे, तं त्याईले बस स्टँडवरून आमचीच गाडी आणणार आहे. तुम्हीच सांगा, सवाल पोरीच्या घराचा आहे का टायरचा?"

तेवढ्यात ड्यूटी संपवून रूपालीच आली. तिने गाडी पाहिली, मग वडिलांना.

"बाबा, रोज गाडी कोण चालवते?"

"तू."

"दवाखाना कोणत्या बाजूले आहे?"

ते चाकाकडे बघू लागले.

"डावीकडे आहे. काल-परवा मी गाडी चौकात ठेवून पायी गेली."

"पण पाव्हणे—"

"पाव्हण्याले आणून घराच्या गल्लीत कशी वळवू? गल्लीही डावीकडेच आहे."

याचा विचार कोणी केला नव्हता. गोपीचंदभाऊ स्टुलावर बसले. स्पोर्टचे टायर लावून पाहुण्यांना घरावरून पुढे नेणारी आपली गाडी त्यांना समोर दिसली असावी.

कंपनीच्या रिमवर चांगला पकडीचा टायर बसवायचा तर वाट फार रुंद नसते. १९५/६० आर १५ यांच्या रिमला चालत होता. बाहेरून मोजलं तर चाक जवळजवळ जुन्याइतकंच उंच, वजन पेलण्याची ताकद तीच, रबर मऊ. मी एक आणवून दाखवला.

त्यांनी वीत लावून मोजला. "किती रुंद झाला?"

"एक सेंटिमीटर."

"एक सेंटिमीटर व्याह्याले दिसन का जी?"

"नाही."

अशोक असता तर 'दिसंल, दिसंल, धुतल्यावर दिसंल' म्हणाला असता. माझ्या नाहीवर गोपीचंदभाऊ उठायलाच लागले. मी काही सुचेना म्हणून टायर उभा केला आणि त्याच्या अंगावरचा बाण दाखवला. या टायरच्या खाचा मधून दोन्हीकडे तिरक्या जातात. ओल्या रस्त्यावर पाणी बाहेर फेकायला. त्यासाठी तो एकाच दिशेने फिरावा लागतो. एकदा रिमवर चढवला की डावीकडचा डावीकडेच राहतो.

ते परत बसले. "म्हंजे उजवीकडे लावला तं?"

"चालेल, पण उलटा. पाणी बाहेर फेकण्याऐवजी आत ओढील."

"असंच असते," ते एकदम गंभीर झाले. "आमचा चंद्या डावा बैल. त्याले उजवीकडे जुपला का तो जोडीले घेऊन धानाच्या बांधीत घुसते." त्यांनी बाणावरून बोट फिरवलं. "जातिवंत आहे हा. पुढची जोडी लावून द्या."

"चारही लावावे लागतील."

"ओढते तं पुढचेच ना? मागचे नुसते येतात."

पुढच्या टायरला पकड आणि मागच्याला नाही, तर ओल्या वळणावर गाडीची शेपूट निसटते. हे मला पुस्तकातल्यासारखं सांगता आलं असतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"भाऊ, जोडी पुढे धावते. पण कासरा मागूनच धरता ना तुम्ही? मागचा घसरला तर जोडी कोणाच्या बांधीत जाईल?"

शेषरावांचा पाना थांबला.

"हे तं अशोकभाऊ बोलले," गोपीचंदभाऊ हळूच म्हणाले.

मी बिलबुक शोधायला आत गेले. बिलबुक बाहेर टेबलावरच होतं. परत आले तेव्हा शेषराव चौथं चाक खोलत होते.

सोमवारी रूपाली दुकानाशी थांबून रविवारची हकिगत सांगून गेली. होणाऱ्या सासऱ्यांनी टायरकडे पाहिलंच नाही. ते पूर्ण वेळ पुढच्या सीटवर दारावरचा दांडा धरून बसले होते. गल्लीच्या तोंडाशी दोन बैलबंड्या उभ्या होत्या. तिने त्यांच्यामधून गाडी एका दमात डावीकडे आत घेतली. सासऱ्यांनी दांडा सोडला आणि म्हणाले, "पोरगी गाडी मस्त वळवते." चहाच्या आधीच होकार आला. चंद्याची जोडी दुसरी आली, पण त्याचं दुःख कोणाला झालं नाही.

"आणि ते रुंद टायर?" मी विचारलं.

"पडवीत ठेवले होते. मामाजींले, म्हंजे सासऱ्याईले, लय आवडले. बाबांनी देऊन टाकले."

मी शेषरावांकडे पाहिलं. ते आधीच जॅककडे निघाले होते.

चारेक दिवसांनी एक मोठी गाडी उलट दिशेने आली आणि रस्त्याच्या पलीकडेच थांबली; तिथून दुकानात शिरायला उजवीकडे वळावं लागतं. पांढऱ्या टोपीचे एक गृहस्थ रस्ता ओलांडून आले आणि आंबागडहून आलो म्हणाले. गाडी दिसायला मोठी होती, पण बाजूंनी फुगलेल्या टायरवरून दुरूनही कळत होतं की रिम तीच साडेपाच इंची. म्हणजे त्यांचे मूळचे टायरही सायकलचेच.

"म्याडम, नवे टायर लावले तवापासून एक आवाज येऊन राह्यला. गाडी आत आणू शकत नाही."

"उजवीकडे वळत नाही?"

"तुमाले कसं समजलं?"

मी त्यांना अशोकच्या खुर्चीवर बसायला सांगितलं आणि चहा मागवला. टायर घ्यायच्या आधी रिमची रुंदी मोजावी, हे सांगायला दोन वाक्यं पुरतात. पण चहा होईपर्यंत मी ती सांगितली नाहीत. आधी त्यांच्या बैलांची चौकशी केली.