पानवेलीमागची सात झाडं

माझ्या नोकरीतले मोठमोठे गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेलेत. माधवनगरच्या एका परसातली सात झाडं मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहतात.

सत्तरच्या दशकात मी सांगलीत फौजदार होतो. एके दिवशी सकाळची हजेरी आटोपली आणि टपालात एक निनावी अर्ज निघाला. गिरणीतून निवृत्त झालेला एक म्हातारा परसात गोणपाटाची खोली बांधून पानवेल लावतो, पण वाऱ्यावर वास वेगळाच येतो, असा मजकूर. दोन पंच आणि आमचे जमादार यांना घेऊन मी निघालो. जमादार मिरजेकडच्या पानमळेवाल्यांच्या घरातले.

म्हातारा दार उघडून बाजूला झाला. आत छान गारवा होता. चहूबाजूंनी ओली गोणपाटं, वर उसाच्या पाचटाचं छप्पर, खाली हिरवीगार वेल. मला काही वावगं दिसेना. जमादार मात्र शेवटच्या वाफ्यापाशी थांबले. तिथली पानं कडांनी करपली होती.

"साहेब, पानवेलीला कोरडं वारं सोसत न्हाई. एवढी ओल राखणारा माणूस हिकडं वारं कशाला येऊ दील?"

त्यांनी गोणपाट सरकवलं. मागे दुसरी खोली होती. दोन्ही बाजूंना झडपा, हवा कोरडी, आणि पुरुषभर उंचीची गांजाची सात झाडं. खांबावर दोन तापमापक टांगलेले, एकाच्या बुडाला ओली चिंधी. सूत तुटू नये म्हणून गिरणीतल्या हवेत ओल राखायचं काम या माणसानं जन्मभर केलं होतं. दोन पाऱ्यांतला फरक पाहून तो हवा किती दमट आहे ते सांगत असे. इथंही तेच चाललं होतं.

पंचनामा केला, झाडं उपटून मोहोरबंद केली आणि त्याला ठाण्यावर आणलं.

"माझीच हायती. मीच वढतो." यापलीकडे तो बोलेना. तो माल विकतो अशी माझी खात्री होती. गिऱ्हाइकं कोण, हे मी पुन्हापुन्हा विचारत राहिलो. दुपारचा चहा आला तेव्हा जमादारांनी सहज बिडी पुढे केली.

"न्हाई वढत. सारा जनम कापसात गेला. काडी पेटवायची चोरी. सवय लागलीच न्हाई."

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

"मग गांजा कोण ओढतं?" मी विचारलं.

त्यानं मान खाली घातली. "सायेब, मला आत टाका. पर पुन्हा घरी जाऊ नगा."

अर्थातच मी गेलो. माजघरात त्याची थोरली बहीण अंथरुणावर होती. पोटात गाठ, अंगाची नुसती हाडं झालेली. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. भाऊ काय म्हणाला ते मी तिला सांगितलं. ती हसली. हसताना कळ आली, तरी हसली.

"लबाड हाय त्यो! धुरानं ठसका लागतुया त्येला. पाला दुधात उकळून मला देतुया, तवा दोन घास पोटात ऱ्हात्यात. पावसाळ्यात तुऱ्यांना बुरशी धरली, तर सारी झाडं उपटून टाकली. म्हणला, आक्का, बुरशीचं तुला द्यायचा न्हाई. मग त्या झडपा केल्या. सायेब, नाव माझं लिवा. मला कुठं न्यायचं तिथं न्या."

मी उशाशी बसून तिचा जबाब लिहिला. गुन्हा नोंदवावाच लागला, पण म्हातारा त्याच संध्याकाळी जामिनावर घरी गेला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी स्वतः भेटलो. ते घरी येऊन तिला वेदनेवरचं इंजेक्शन देऊ लागले.

खटला उभा राहिला तेव्हा आक्का हयात नव्हती. कोर्टातही तो म्हणाला, "झाडं माझ्यासाठीच हुती." न्यायाधीशांनी बहिणीचा जबाब शांतपणे वाचला आणि किरकोळ दंड करून त्याला सोडलं.

खोटं बोलणारा माणूस स्वतःची कातडी वाचवतो, अशी तोवर माझी ठाम समजूत होती. त्यानंतर कुणी आरोपी झटकन गुन्हा कबूल करू लागला, की मी कागद बाजूला ठेवत असे आणि आधी विचारत असे, "घरी कोण आहे?"